फॉरवर्ड बाकावर

शेणवा, ता. शहापूर
सोमवार, २० जानेवारी २०२५

ती. महिपतदादास धाकट्या सरिताचा नमस्कार.

तब्येत कशी आहे? हितेशनं तुला कानाचं मशीन आणून दिलंय, पण तू ते डबीत घालून कपाटात ठेवलंस, असं तुझी सून सांगत होती. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलायला लागले की शेजारणी भांडण समजून दारात येतात. म्हणून पत्र. इकडं सगळे ठीक. भात झोडून झालं, पेंढा चांगला निघाला. मागच्या शेतात वाल फुलावर आलाय.

आता टीमचं. तू विचारणार नाहीस, पण सांगितलं नाही तर मला जेवण जाणार नाही.

काल डोळखांबकडून ३-० हरलो. यंदा लीगमध्ये आठ टीम आहेत, प्रत्येकीला सात मॅच. आपल्या पाच झाल्या. चार हरलो, एक बरोबरीत सुटली. जी टीम तळाला राहील ती पुढच्या वर्षी खालच्या गटात जाणार. सध्या तळाला आपण आहोत.

मला विचारशील तर माणसं वाईट नाहीत. गोलमध्ये रामूच आहे. आसनगावच्या कंपनीत पाळी करून येतो, तरी काल त्यानं चार बॉल अडवले. नाहीतर सात झाले असते. कॅप्टन हरेश. डिफेन्समध्ये उभा राहिला की कोणाला सरकू देत नाही, पण बॉल पायात आला की त्याच्या टेम्पोसारखा सरळच जातो, वळायचं नाव नाही. उजव्या बाजूला काशीचा थोरला आहे. पळतो असा की बघत राहावं, फक्त बॉल मागं विसरतो. पुढं गोल करायला कोणी नाही. म्हणजे आहे, पण बाकावर बसलाय.

आपला संदेश, दादा. गेल्या वर्षी ज्यानं अकरा गोल मारले तो माझा पोरगा टीमचे कपडे घालून पाचही मॅच बाकावर बसलाय. लोक मला विचारतात, मी कोचला विचारलं. कोच म्हणते, "आत्या, संदेश खेळणार नाय. कारण विचारू नको." घरी येऊन संदेशला विचारावं तर तो ताट घेऊन पडवीत जाऊन बसतो.

कोच मला आत्या म्हणते, यावरून तुला कळलंच असेल. हितेश बोलला नसेल तर मी सांगते. नेहा कोच आहे. तुझी नेहा. दिवाळीनंतर जुन्या कोचची बदली झाली, कोणी पुढं येईना, तेव्हा ती म्हणाली मी करते. मुंबईला जाऊन तिनं कोचिंगची परीक्षा पास केली आहे, त्याचं सर्टिफिकेटही आहे. पहिल्या दिवशी पोरं हसली. दुसऱ्या दिवशी तिनं त्यांना शेताच्या बांधावरून एका रांगेत पळवलं, जो घसरला त्यानं पुन्हा पहिल्यापासून. तू कोच असताना पळवायचास तसंच. मग कोणी हसलं नाही.

खरं सांगते, त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं. पण मॅच हरत गेलो तसं गाव फिरलं. बाईमाणसाला काय कळतंय, इथपासून सुरुवात झाली. आता कोच बदला म्हणून अर्ज फिरतोय. सव्वीस तारखेला झेंडावंदन झालं की समाजमंदिरात मीटिंग आहे. अर्जावर कोणाकोणाच्या सह्या आहेत ते लिहीत बसत नाही.

मीटिंगला बसतो त्याच खोलीत आपण मुरबाडहून जिंकून आणलेला कप आहे. त्या दिवसाबद्दल आपण दोघं सात वर्षांत बोललो नाही. आजही नको.

मशीन कानात घालत जा.

तुझी,
सरिता


शेणवा
सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

ती. दादा,

तुझं कार्ड मिळालं. तीन आठवड्यांनी उत्तर आणि तेही एका ओळीचं: "संदेशला का बसवलंय?" मुलीबद्दल एक अक्षर नाही. पण कार्ड आलं, आणि मी ते चारदा वाचलं.

त्या एका ओळीचं उत्तर मोठं आहे. नीट बसून वाच.

गेल्या पत्रात मी तुझ्यापासून लपवलं होतं. अर्जावर माझी सही होती. वरून तिसरी. तुला पत्र लिहिलं त्याच्या आदल्या संध्याकाळीच केली होती. मला राग होता. माझ्या पोराला बसवलं याचा राग, आणि आत्याला साधं कारण सांगत नाही याचा त्याहून जास्त.

मीटिंगला सगळं गाव होतं. नेहा पुढं सतरंजीवर बसली होती. शेजारी रखमीचा चंदर. तो आता तिचा मदतनीस आहे, हेही मी तुला सांगितलं नव्हतं. हरेशनं अर्ज वाचला, मग नावं वाचली. माझं नाव आलं तेव्हा नेहानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. मोजून दोन क्षण बघितलं आणि पुन्हा खाली बघायला लागली.

कोणीतरी म्हणालं, "संदेशला का खेळवत नाय, तेवढं सांगा. घरातलं भांडण असेल तर ते घरात ठेवा."

ती म्हणाली, "भांडण नाय. निर्णय माझा आहे. तुमाला पटत नसेल तर मला काढा."

एवढंच. मग मागच्या बाजूला संदेश उभा राहिला. म्हणाला, "तिला बोलू नका. माझा गुडघा गेलाय."

नोव्हेंबरात सरावाला त्याचा पाय मुरगळला होता, मी तेल लावून शेकला होता, चार दिवसांत चालायला लागला म्हणून मी विसरूनही गेले. नेहा त्याला कल्याणला डॉक्टरकडं घेऊन गेली होती. आतली शीर, डॉक्टर लिगामेंट म्हणतात ती, अर्धी तुटली आहे. सहा महिने खेळायचं नाही, व्यायाम केला तर भरून येईल. आत्ता खेळला तर पूर्ण तुटेल. तरी हा तिच्या मागं लागला होता, वीस मिनिटं तरी मैदानात उतरव. ती उतरवेना. मग म्हणाला, निदान आईला सांगू नको.

मी त्याला भर मीटिंगमध्ये विचारलं, "मला का नाय सांगितलंस रे?"

"तू रोज विचारायचीस, कधी खेळणार, कधी खेळणार," तो म्हणाला. "तुला काय सांगू?"

पाच मॅच पोरीनं सगळ्या गावाच्या शिव्या खाल्ल्या, दादा. एकदा संदेशचं नाव घेतलं असतं तर सुटली असती. घेतलं नाही, कारण त्याला शब्द दिला होता.

मी उठले, हरेशच्या हातातून अर्ज घेतला आणि माझी सही खोडली. मग रामू आला, त्यानंही खोडली. अर्ज फाडला वगैरे नाही कोणी. बाकीच्यांनी ठरवलं, लीग संपेपर्यंत नेहा राहू दे, मग बघू.

आता त्या दिवसाचं लिहिते. मुरबाडच्या फायनलचं.

चंदरचा गुडघा तेव्हा सुजून नारळाएवढा झाला होता. हाफ टाइमला तू त्याला फडकं आवळून बांधलंस आणि उतरवलंस. त्यानं गोल मारला, आपण जिंकलो, आणि तो जो पडला तो माणसांनी उचलून आणला. दोन महिन्यांवर त्याची पोलीस भरती होती. ती गेली. कप घेऊन आपण गावात नाचत आलो तेव्हा वीस वर्षांची नेहा देवळासमोर सगळ्यांच्या देखत तुला म्हणाली, "बाबा, तुमी त्याला उतरवायला नको होतं." तू तिच्याशी बोलणं टाकलंस, आणि पुढं शेणवाही सोडलंस.

लोक म्हणतात ती चूक महिपतची. मी गप्प ऐकून घेत आले. पण हाफ टाइमला लाइनीजवळ उभी राहून "चंदरला उतरव, दादा, चंदरला उतरव" असं पहिलं कोण ओरडलं होतं? मी. माझ्यामागून सगळे ओरडायला लागले. तू वळून माझ्याकडं बघितलंस आणि मग फडकं मागितलंस. तू हे कोणाला सांगितलं नाहीस. मीही नाही. आणि सात वर्षांनी मी माझ्याच पोरासाठी तसंच ओरडायला निघाले होते. मला थांबवलं तुझ्या लेकीनं.

आता कालची मॅच. मधली एक मॅच आपण हरलो होतो. काल शेवटची, मुरबाडशी, आपल्याच माळावर. त्यांनी सहाच्या सहा जिंकलेल्या. आपल्याला किमान बरोबरी हवी होती, आणि तिकडं आपल्या एकच जागा वर असलेलं आसनगाव हरायला हवं होतं.

नेहानं टीम बदलली. हरेशला सांगितलं, तू बॉल घेऊन पळायचंच नाही, मिळाला की जवळच्याला द्यायचा. काशीच्या थोरल्याला बाजूवरून काढून पुढं, मधोमध आणलं. मी मनात म्हटलं, संपलं. चंदर लाइनीवरून डिफेन्सला सांभाळत होता. लंगडत इकडून तिकडं जायचा, हातानं दाखवायचा, तू इथं, तू मागं. ती पोरं त्याच्या बोटावर हलत होती. मुरबाडवाले येत आणि अडत. पहिला अर्धा तास त्यांना एक धड फटका मारता आला नाही. असं खेळताना मी शेणव्याला कधी बघितलं नाही, दादा. तुझ्या वेळेलाही नाही. राग मानू नकोस.

हाफ टाइमनंतर त्यांनी कॉर्नरवर गोल केला. शेवटची पंधरा मिनिटं राहिली आणि लोक सुरू झाले, "संदेश, संदेश." संदेश बाकावरून उठला. मी त्याची आई, मला त्याच्या पाठीवरूनच कळलं की त्याला जायचंय. नेहा वळलीही नाही. आवाज वाढला. कोणीतरी मला म्हणालं, "सरिताताई, तुमी सांगा ना तिला."

मी उभी राहिले आणि लोकांकडं तोंड केलं. म्हटलं, "माझा पोरगा आहे तो. तो खेळणार नाय. कोच बघेल काय करायचं ते. गप बसा." बसले, दादा. का बसले मला माहीत नाही, पण बसले.

आणि शेवटच्या पाच मिनिटांत रामूनं लांब बॉल मारला, काशीचा थोरला धावला, त्यांचे दोघं मागं राहिले. बॉल पायात आला का? नाही. नडगीवर आपटला आणि गोलीच्या बाजूनं आत गेला. गोल तो गोल. १-१. मुरबाडचा यंदाचा पहिला पॉइंट शेणव्यानं कापला.

मग मोबाइलवर कळलं, आसनगाव जिंकलं. म्हणजे आपण तळालाच. पुढच्या वर्षी खालच्या गटात.

तुला वाटेल, सगळे मान खाली घालून घरी गेले. कोणी हललं नाही. मुरबाडचा म्हातारा कोच चालत आला, नेहाशी हात मिळवला आणि म्हणाला, "ही टीम तळाची नाय." मग हरेश सगळ्या पोरांना घेऊन तिच्यासमोर उभा राहिला. अर्ज त्यानंच लिहिलेला. म्हणाला, "पुढच्या वर्षीपण तूच पायजे." ती म्हणाली, "मंगळवारी सकाळी सहाला या. उशीर केला तर बांधावरून दोन फेऱ्या." म्हणजे हो म्हणाली.

घरी येताना मी तिला विचारलं, "हे सगळं कुठं शिकलीस गो?"

"परीक्षेला थोडं शिकले. बाकी बाबांचंच आहे," ती म्हणाली. "एकच गोष्ट त्यांची घेतली नाय."

मला तिचा फार अभिमान वाटला. तुझाही वाटला. हे खरं आहे म्हणून लिहिते, तुला बरं वाटावं म्हणून नाही.

आज सकाळी मी रखमीच्या घरी गेले आणि चंदरला सांगितलं की त्या दिवशी पहिली मी ओरडले होते. तो म्हणाला, "माहीत आहे. आवाज ऐकला होता." मी तुझं नाव काढलं. तो म्हणाला, "राग गेलाय असं नाय सांगत, सरितामावशी. पण काकांनी यावं. टीम त्यांनी उभी केली, बघायला तरी यावं."

रविवारी तेवीस तारखेला सकाळी आठला डोळखांबशी मैत्रीची मॅच आहे. पॉइंट नाहीत, काही नाही. हितेशला मी फोन केलाय, तो गाडीनं आणून सोडेल. नेहाला काही सांगितलेलं नाही.

माळावर शिरलास की डाव्या हाताला चंदर फक्की मारत असेल. मॅचच्या आधी लाइनी तोच आखतो. दादा, नेहाकडं मागाहून जा. आधी त्याच्याकडं जा.

त्या दिवशी सगळ्यांच्या आधी ओरडलेली,
तुझी बहीण
सरिता