तळ्यातले मासे

प्रिय आई,

सुट्टीत शाळेत मिळणारं फुकट जेवण बंद करायचं विधेयक समितीत सात विरुद्ध चार मतांनी मंजूर झालं. मतं मीच नोंदवली, म्हणजे बातमी पक्की.

सिनेटर टॅगर्ट म्हणाले, "फुकटचं खाऊन पोरं आळशी होतात. भूक लागली तर तळ्यात मासे आहेत की!" मग समिती जेवायला उठली. जेवण मांस व्यापारी संघाकडून आलेलं, फुकट. साहेबांनी पीचचं गोड पक्वान्न दोनदा घेतलं.

दुपारी माझ्या टेबलाशी आले. "पोरी, ते माशांचं तेवढं गाळून टाक."

"नोंद शब्दशः ठेवावी लागते, साहेब. नियम तुमचाच आहे."

चौदा वर्षं हेच टंकतेय. आता हसूही येत नाही.

तुझा गुडघा कसा आहे? शाळेतलं मोठं पातेलं एकटीनं उचलू नकोस. सोमवारी किती पोरं जेवली? आपलं तळं आटून दोन वर्षं झाली, हे मला समितीत सांगता येत नाही. कारकुनानं बोलायचं नसतं.

गुरुवारी विधेयक अर्थ समितीपुढे येईल. तिथेही मंजूर होईल, असंच सगळे धरून चाललेत. पण नाव दिलं की कोणालाही दोन मिनिटं बोलता येतं. तू ये. नोंदीला मीच आहे. तू बोलशील ते शब्दशः लिहीन.

तुझी,
लॉरेल