शेवटच्या ओळीवरचा कंस

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार
आज लॅबमध्ये दिशाने कीबोर्ड बाजूला सारला. "मॅडम, हे माझ्यावर का वरडतंय?"
कंपायलर — लिहिलेला प्रोग्राम तपासून यंत्राच्या भाषेत नेणारा! स्क्रीनवर नऊ ओळी लाल इंग्रजी. चूक एकच — एक अर्धविराम राहिलेला. पोरगी पाथर्डीकडची, दहावीपर्यंत मराठी शाळेत. पॉलिटेक्निकला येऊन सहा महिने झाले, अजून त्या लाल ओळींना घाबरते.

५ फेब्रुवारी
घरी केडगावला पोचेपर्यंत डोक्यात तेच. छोटा प्रोग्राम लिहायला घेतला — कंपायलरचा इंग्रजी मेसेज पकडायचा, त्या जागी सोपं मराठी दाखवायचं. अकरा मेसेज झाले.

१० फेब्रुवारी
विभागप्रमुख ज्ञानेश्वर सर म्हणाले, "नोकरीत यांना मराठी कोण दाखवणार, सविता मॅडम?"
खरं आहे. तरी त्यांनी या सत्रापुरती परवानगी दिली.

१२ फेब्रुवारी
मुलांच्या मागे नुसती उभी राहिले. माझा पहिलाच मेसेज — "तुम्ही चूक केली आहे."
दिशा म्हणाली, "चूक झाली ते कळलं. कुटं झाली आन् काय करू, ते सांगा की!"
सगळे मेसेज पुन्हा लिहिले. आता प्रत्येकात ओळ आणि उपाय.

२८ फेब्रुवारी
एका तासात दिशाचे तीन प्रोग्राम चालले. मला विचारलंसुद्धा नाही!

१८ मार्च
अंतर्गत प्रात्यक्षिक परीक्षा तपासतेय. दिशाचा प्रोग्राम चालतो, पण सरासरी एकदा छापायची ती दहादा छापतो. वीसपैकी सात.
शोधलं. लूप — तेच काम पुन्हा पुन्हा करणारा भाग — बंद करणारा कंस मधेच, आठव्या ओळीनंतर घालायचा राहिला होता. कंपायलर एवढंच म्हणतो — फाइल संपली तरी एक कंस कमी आहे. नेमका कुठला, हे त्याला माहीत नसतं. आणि मी काय लिहून ठेवलंय? "शेवटच्या ओळीवर कंस घाला."
तिने घातला, आणि छापायची ओळही लूपच्या आत गेली. लाल ओळी गेल्या. उत्तर चुकलं.
जे यंत्रालाही माहीत नव्हतं, ते मी ठासून सांगितलं. समजायला सोपं — आणि चूक!
अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

१९ मार्च
सरांना सगळं सांगितलं. "मला हीच भीती होती," म्हणाले. दिशाची फेरपरीक्षा सोमवारी. माझा प्रोग्राम लॅबमधून आजपासून बंद.
मीच तो सगळ्या मशीनवरून काढला.

२० मार्च
दिशा गैरहजर.

२१ मार्च
दिशाला जिन्यात गाठलं. म्हटलं, चूक तुझी नाही, माझ्या मेसेजची होती.
ती खाली बघत म्हणाली, "म्हाईत हाय मॅडम. परीक्षेतनं बाहेर आल्या आल्याच कळलं हुतं."
"मग बोलली का नाहीस?"
"बोलले असते तर सरांनी तुमचं ते बंद केलं असतं. मागच्या बाकावरच्या पोरींचं आता कुटं जमाया लागलंय."
ते परवाच बंद झालंय, हे न सांगता मी तिला सोमवारच्या फेरपरीक्षेची वेळ सांगितली.