चांगलं मोठं काढा

अहो,

आधी आली ती खालची शिंपीण, नेहमीसारखी नाक खुपसायला. तिच्या मागोमाग बागेचं नवं काम करणारी दोघं. कित्ती दिवसांनी चहाचे चार कप निघाले! त्यांच्याकडे मोठ्ठा कागद, त्यावर अख्खी बाग काढलेली, कारंज्यासकट. त्या दोघांतली पोरगी म्हणाली, "आजी, तुम्ही रोज तिथं बसता म्हणून सांगायला आलो. आजोबांनी लावलेलं ते झाड काढायचंय."

मी हरखलेच. म्हटलं, "काढा की! चांगलं मोठं काढा. आणि खाली मलाही काढा."

पोरगी कपात बघत बसली. शिंपीण म्हणाली, "अहो मावशी, काढायचं म्हणजे तोडायचं."

तरी मी हसत हसत बिस्किटं पुढं केली. पाहुण्यांसमोर रडायचं कसं? तुम्ही गेल्यापासून तुमच्याशी बोलायला तेवढीच जागा होती. पण ही गोष्ट झाडाखाली बसून सांगवेना, तेही ऐकेल, म्हणून लिहितेय. टाकणार कुठं म्हणा!

जाताना दोघं "येतो हं, आजी" म्हणाली. नुसतं म्हणायचं म्हणून नाही, गुरुवारी खरंच येणार आहेत.

तुमची,
बडबडी