बावखलातली पिवळी ओढणी

१७ नोव्हें., सोम.
पोलीस पाचला गेले. वाडीत गाडी शिरत नाही म्हणून चौघांनी तिला चादरीतून रस्त्यापर्यंत नेलं. दोन केळी मोडल्या. बाई तरुण आहे. गळ्याभोवती वायर.

जुईला सापडली. सकाळी चाफा काढायची आकडी घेऊन बावखलाच्या तळ्यावर गेली, जलपर्णीत अडकलेली पिवळी ओढणी ओढली, तर ओढणीमागोमाग हात आला. ओरडली नाही. स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, "आई, ओढणीला बाई आहे."
आठ वर्षांची आहे.

साहेबांनी विचारलं, "पहिल्यांदा कधी दिसलं?" मी म्हटलं, आज सकाळी. जुई माझा ड्रेस धरून उभी होती. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

शनिवारी शाळेतून आल्या आल्या म्हणाली होती ती, बावखलात पिवळं काहीतरी आहे. मी पोळ्या करत होते. म्हटलं, कुणाचं कापड उडून आलं असेल. तिकडे जायचं नाही सांगितलंय ना? हात धू.
हे कुणाला सांगितलं नाही. का नाही ते

१८ नोव्हें., मंगळ.
पोस्टात सुट्टी टाकली. जुईला शाळेत पाठवलं नाही. जेवली नीट. दोनदा आमटी मागितली.
सासूबाई म्हणतात, बावखल उपसून घ्या, शांत करा. हेमंत म्हणाला, आई, पोलिसांनी हात लावू नका सांगितलंय. चाफ्याची फुलं कुणी काढली नाहीत. सगळीकडे वास.
हेमंतचाही जबाब झाला. रविवारी पंप लावायला गेलो तेव्हा पाण्यात काही नव्हतं, असं सांगितलं त्याने. खोटं नाही. पंप पलीकडच्या काठाला, मध्ये सगळी जलपर्णी. त्याला शनिवारचं माहीतच नाही.

२१ नोव्हें., शुक्र.
नाव कळलं. योगिता. चांदीपची, वय चोवीस. बोळिंजला पार्लरमध्ये कामाला होती. शुक्रवारी संध्याकाळी पार्लर बंद करून निघाली ती घरी पोचलीच नाही. नवऱ्याला सोडून वर्षभर आईकडे राहत होती. नवऱ्याला ताब्यात घेतलंय.
फोटो आलाय सगळ्यांच्या मोबाइलवर. हसतेय. मी पुसून टाकला. नंतर हेमंतच्या मोबाइलवर बघितला.

२६ नोव्हें., बुध.
जुई सोमवारपासून शाळेत जाते. वर्गाच्या बाईंचा फोन आला होता. मुलं तिला विचारतात, भूत दिसलं का. ती म्हणते, नाही, बाई दिसली. मग मुलं लांब बसतात.
बाई म्हणाल्या, घरी बोलते का? म्हटलं, हो, बोलते की.
बोलते. वही संपली, रबर हरवलं, दात हलतोय. तेवढंच. पूर्वी माझ्या मागे मागे फिरून सांगत बसायची. आता काही सांगायचं असेल तर आजीकडे जाते.

२९ नोव्हें., शनि.
योगिताच्या नवऱ्याला सोडलं. हेमंत नाक्यावरून ऐकून आला. शनिवारी पहाटेपासून तो जुन्नरला कुणाच्या तरी लग्नात होता, फोटो आहेत, पन्नास माणसं सांगतात. सोमवारी दुपारी परत आला. रविवारी पाण्यात काही नव्हतं असं वाडीवाले स्वतःच म्हणतात, मग तिला टाकलं ते रविवारनंतर. म्हणजे तो नाही.
वाडीवाले म्हणजे आम्ही.
मी भांडी घासत होते. तशीच पाठमोरी राहून म्हटलं, "ती ओढणी शनिवारपासून होती."
"कोण म्हणतं?"
"जुईने मला सांगितलं होतं. मी लक्ष दिलं नाही."
मग म्हणाला, "आता बोललीस तर आपल्यालाच धरतील. इतके दिवस लपवलं का म्हणून. पोरीला कोर्टात नेतील. चालेल?"
म्हटलं, नाही.
"मग झालं."
भांडी झाली. ओटा पुसला.

३ डिसें., बुध.
तिची आई आली होती. दुपारी तीनला. सोबत एक भाऊबंद, तो बाहेर मोटरसायकलपाशीच थांबला. बाई बारीक, हातात पिशवी, पिशवीत नारळ आणि हळदकुंकू. म्हणाली, "जागा दावा."
नेलं. काठावर बसली. रडली नाही. हात बुडवला पाण्यात.
"पानी गार हाय," म्हणाली. "राती अजून गार असंल."
मी उभी. काय करावं कळेना. चहा करू का, विचारलं. नको म्हणाली.
"तिला पहिलं बघितलं ती पोर कुठं हाय? तिला कायतरी द्यायचंय."
मी म्हटलं, शाळेत. पण जुई मागेच उभी होती, दप्तर पाठीवर. लवकर सुटली होती. बाईने पिशवीतून बुंदीचा लाडू काढला, कागदात गुंडाळलेला. जुईने घेतला. तिच्या शेजारी जाऊन बसली.
"माजी पोर कशी दिसत होती गं?"
"केस मोकळे होते. डोळे मिटलेले." थांबून म्हणाली, "मला शनिवारीच दिसली होती. म्हणजे ओढणी. मी आईला सांगितलं होतं."
बाईने माझ्याकडे बघितलं. ओरडेल वाटलं. शिव्या देईल. तसं झालं असतं तर
एवढंच म्हणाली, "शनवारी? मंग शुकरवारच्या रातीच टाकली तिला. तो जुन्नरला जायच्या आदीच की ओ."
नारळ फोडला. अर्धी वाटी पाण्यात सोडली, अर्धी माझ्या हातात दिली. मी घेतली.

४ डिसें., गुरु.
सकाळीच गेले चौकीवर. हेमंत आला नाही. रिक्षापर्यंत सोडलं.
साहेब म्हणाले, "मॅडम, तेव्हा सोमवार, आता शनिवार. एक काय ते ठरवा."
म्हटलं, शनिवार.
"मग तेव्हा खोटं का सांगितलंत?"
म्हटलं, माहीत नाही. घाबरले. मला वाटलं, मी तेव्हाच जाऊन बघितलं असतं तर ती...
"शुक्रवारीच गेली होती हो ती. तुम्ही बघून काय होणार होतं?" वाईट बोलले नाहीत. सहज म्हणाले. पण मला ते इतके दिवस कुणी म्हटलं नव्हतं. मी स्वतःही नाही.
नवा जबाब लिहून घेतला. दोन तास. पोरीला मॅजिस्ट्रेटसमोर सांगावं लागेल म्हणाले. तुमच्या एकटीच्या बोलण्यावर आता कोण विश्वास ठेवणार?
बरोबर आहे.

१६ डिसें., मंगळ.
कोर्टात गेलो, वसईला. हेमंतही आला. वाटेत जुईला म्हणाला, आठवत नसेल तर आठवत नाही म्हण. ती म्हणाली, "आठवतंय."
मॅजिस्ट्रेट बाई होत्या. जुईला एकटीला आत नेलं. आम्ही बाकावर. चाळीस मिनिटं. आतून एकदाही तिचा आवाज आला नाही.
बाहेर आली, म्हणाली, भूक लागली. कोपऱ्यावर वडापाव खाल्ला. तिखट लागला, पाणी प्यायली.
रिक्षात म्हणाली, "तू काय म्हणाली होतीस ते पण मी मॅडमना सांगितलं. हात धू म्हणालीस ते."
"बरं केलंस," म्हटलं. काउंटरवर बोलते तसा आवाज निघाला माझा.
"आणि पोलिसांना 'आज सकाळी दिसलं' म्हणालीस ते पण."
हेमंत रस्त्याकडे बघत होता.
योगिताच्या नवऱ्याला परत बोलावलंय म्हणे. धरतील की सोडतील, कुणी सांगत नाही. साहेब फोन उचलत नाहीत.
घरी आल्यावर जुई खोलीत गेली, आतून कडी लावली. याआधी कधी लावली नव्हती. सासूबाई म्हणतात, असू दे, दमलीय.
सात वाजले. पानं घेतलीत. दारापाशी जाऊन हाक मारली. "येते," म्हणाली. परत मारली. "येते म्हटलं ना."
अजून आली नाही. मी दाराबाहेरच बसलेय.