दोन्ही विंगची हेड

४ मार्च, सोमवार

रजा संपली. उद्यापासून हॉटेल. तयारी पूर्ण आहे.

दुसरं मूल म्हणजे विशेष काही नसतं, हे मी सगळ्यांना आधीपासून सांगतेय. पहिल्या वेळी माणूस नवखा असतो. दुसऱ्या वेळी फक्त सिस्टीम लावायची असते. जी बाई अख्ख्या हॉटेलची हाउसकीपिंग हेड आहे, तिला दोन खोल्या आणि एक पाळणा म्हणजे काय डोंबल! शेजारीण जिन्यात विचारत होती, दोघांचं कसं गं जमवणार? तिच्या केसांकडे पाहिलं की तिला का जमलं नाही ते कळतं.

फ्रिजवर वेळापत्रक लावलं. धाकट्याच्या झोपेच्या वेळा हिरव्या, दुधाच्या निळ्या. थोरली पहिलीत आहे, तिला सुपरवायझर नेमलं, म्हणजे मत्सर वगैरे भानगडी नकोत. नवऱ्याकडे लाँड्री. सासूबाई मदतीला आल्यात, त्यांना ओरिएंटेशन दिलं. त्यांनी चार मुलं वाढवली म्हणे. वाढली असतील. तेव्हा मुलं आपापली वाढायची.

मुख्य गोष्ट: हॉटेलची नवी विंग याच महिन्यात सुरू होतेय आणि दोन्ही विंगना मिळून एकच हेड असणार. मॅनेजर सर नाव ठरवणार. ठरवणार म्हणजे काय, जाहीर करणार. दुसरं आहेच कोण? माझी असिस्टंट? तिला मी मनात गोगलगाय म्हणते. चालणं तसं, बोलणंही तसंच. माझ्या रजेत तिने डिपार्टमेंट सांभाळलं, असं जो तो मला फोन करून सांगत होता. मी घालून दिलेल्या घडीवर काय, कुणीही सांभाळेल.

लवकर झोपणार. शिस्त ही स्वतःपासून.

५ मार्च, मंगळवार

धाकटा हिरव्या वेळात झोपला नाही. निळ्या वेळात झोपला. वेळापत्रकात चूक नाही, त्याला रंग कळत नाहीत.

हॉटेलात सगळ्यांनी फुलं दिली. फुलांत वेळ घालवण्यापेक्षा चादरी नीट घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पहिल्याच खोलीत गादीच्या कोपऱ्याशी घडी सैल! गोगलगायीला सगळ्यांसमोर झापलं. हो मॅडम, म्हणाली. तिला दुसरं काही येतच नाही. अशी माणसं दोन विंग चालवणार?

लिफ्टपाशी एका गेस्टने थांबवून सांगितलं की माझ्या खांद्यावर काहीतरी सांडलंय. धाकट्याची ओकारी होती, वाळलेली. मी म्हटलं, वर रंगकाम चालू आहे. प्रसंगावधान म्हणतात ते हे.

७ मार्च, गुरुवार

हॉटेलात दूध काढून ठेवायची सोय मी स्वतः लावली. लिनन रूमला आतून कडी, बाटली एखाद्या रिकाम्या खोलीतल्या छोट्या फ्रिजमध्ये, संध्याकाळी घेऊन घरी. साधं, सुटसुटीत. इतर बायका या गोष्टीचा केवढा बाऊ करतात!

आज रिसेप्शनवाल्यांनी नेमकी तीच खोली एका गेस्टला दिली. त्यांना विचारायची पद्धत नाही. गेस्ट कॉफीत दूध घालणार एवढ्यात गोगलगाय धावत आत गेली आणि बाटली उचलून आणली. ती धावू शकते हे आजच कळलं. गेस्टला म्हणे सांगितलं की हे दूध नाही, केसांना लावायचं नवीन सॅम्पल आहे.

मी तिला समज दिली. गेस्टच्या खोलीत तीनदा टकटक केल्याशिवाय जायचं नाही, हा नियम आहे. ती म्हणाली, हो मॅडम. बाटली माझ्या हातात दिली तेव्हा बाहेरून पुसलेली होती. इतकं पुढे पुढे करायची काय गरज होती?

११ मार्च, सोमवार

लिनन रूममध्ये टॉवेल मोजून घेत होते. थोड्या वेळाने लक्षात आलं की पोरी मोजायच्या थांबल्यात आणि माझ्याकडे बघतायत. मी एक घडी केलेला टॉवेल खांद्यावर टाकून त्याला थोपटत होते आणि उभ्या उभ्या डुलत होते. किती वेळ, कल्पना नाही.

मी म्हटलं, टॉवेलचा मऊपणा असा तपासतात. शिका. दोघींनी टॉवेल खांद्यावर टाकून थोपटून पाहिले. गोगलगाय मान खाली घालून उशांच्या खोळी लावत बसली. तिला हसू येत होतं की नाही ते तिच्या तोंडावरून कधी कळत नाही. मला अशी माणसं मुळीच आवडत नाहीत.

घरी आले तर धाकट्याच्या पाळण्याला दाराला अडकवायची पाटी टांगलेली: कृपया व्यत्यय आणू नये. माझ्याच बॅगेतली. सुपरवायझरचं काम. मला वाटलं, भावाची झोप मोडू नये म्हणून लावली असेल. गुणाची पोर! तर सासूबाई म्हणाल्या, तसं नाही, बाळाने आईला उठवू नये म्हणून लावलीय. थोरलीला सांगितलं की पाट्या हॉटेलची मालमत्ता आहेत. ती आजीच्या कुशीत जाऊन बसली. मत्सर नाही हे मात्र सिद्ध झालं.

१४ मार्च, गुरुवार

नवरोबांनी आज तोंड उघडलं. म्हणे रजा थोडी वाढवून मागितलीस तर? म्हणे तू परवा माझ्याशी बोलता बोलता मध्येच थांबलीस आणि उघड्या डोळ्यांनी झोपलीस. त्याचं बोलणंच तसं असतं. ज्या माणसाने बाळाची झबली वर्तमानपत्रासारखी घडी घालून ठेवलीत, तो मला थकवा शिकवतोय.

धाकटा फक्त सासूबाईंपाशी झोपतो. त्या काहीतरी बेसूर गुणगुणतात आणि तो डोळे मिटतो. मी घेतलं की टक्क जागा. माझ्या मते तो त्यांच्या सुराला कंटाळून झोपतो. माझ्यापाशी जागा राहतो, कारण माझ्यापाशी त्याला रस वाटतो.

सरांनी कॉरिडॉरमध्ये विचारलं की सगळं ठीक आहे ना. इतक्या हळू आवाजात विचारलं की मला रागच आला. आजारी माणसाला विचारतात तसं! म्हटलं, एकदम फर्स्ट क्लास. म्हणताना मी चुकून त्यांच्या कोटावरचा केस उचलला आणि कॉलर सरळ केली. सवयीचा भाग.

यापुढे चहा दुप्पट. दुपारी खुर्चीवर बसायचं नाही. बसलं की संपलं.

१८ मार्च, सोमवार, सकाळी

आज संध्याकाळपासून नव्या विंगमध्ये गेस्ट, त्याआधी खोल्यांची तपासणी. एकेक खोली मी स्वतः पाहणार. सरांना दिसेल की नजर म्हणजे काय असते. गोगलगायीला बरोबर घेणार नाही, खाली थांबवणार.

१८ मार्च, सोमवार, संध्याकाळी

झालं ते असं. दुसऱ्या मजल्यावरची शेवटची खोली. पडदे ठीक, आरसा ठीक, नळ ठीक. गादी बघायची राहिली होती. गादी हाताने दाबून कळत नाही, अंगाचा भार द्यावा लागतो. हे तांत्रिक आहे. मी टेकले, एवढंच.

डोळे उघडले तेव्हा बाहेर संध्याकाळ होती. अंगावर पांघरूण होतं, पडदे ओढलेले होते, माझे शूज पलंगाशी जोडीने ठेवलेले. वॉकी-टॉकी बंद. दार उघडलं तर कॉरिडॉरमध्ये गोगलगाय, ट्रॉलीला टेकून उभी. म्हणाली, या खोलीत एक कुटुंब यायचं होतं, त्यांना सांगितलं की बाथरूममध्ये पाणी गळतंय आणि जुन्या विंगमध्ये पाठवलं.

गेस्टच्या पलंगावर स्टाफपैकी कुणी नुसतं टेकलं तरी त्याच दिवशी कायमचं घरी पाठवायचं, हा या डिपार्टमेंटचा नियम आहे. माझाच. मागे एका म्हाताऱ्या सफाईवालीचा गुडघा दुखत होता म्हणून ती टेकली होती. तिलाही पाठवली होती. नियम म्हणजे नियम.

अर्थात मी झोपले नव्हते. तपासणी लांबली.

गोगलगायीला म्हटलं, पडदे नीट ओढलेले नाहीत, मधून फट राहिलीय. हो मॅडम, म्हणाली.

१९ मार्च, मंगळवार

कुणाला काही कळलेलं नाही. दिवसभर एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. सगळे नेहमीसारखे.

हिने मात्र हे कशासाठी केलं? लोक फुकट काही करत नाहीत. उद्या हेडची जागा मिळाली की मला ऐकवायला ठेवलंय. मला काय कळत नाही?

खरं सांगायचं तर काल ती झोप इतकी गाढ होती की धाकटा झाल्यापासून तशी लागली नव्हती. हे इथेच लिहितेय. दुसरीकडे कुठे नाही.

२१ मार्च, गुरुवार

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. मी नवी लिपस्टिक लावून गेले. धन्यवादाचे दोन शब्द तयार होते.

सर म्हणाले, दोन्ही विंग तुमच्या असिस्टंटकडे द्याव्यात असं वाटतंय. तुमचं बाळ लहान आहे, सध्या तुम्ही जुनी विंग निवांत बघा. पगार तोच राहील.

निवांत! मला! पायाखालची जमीन सरकली म्हणजे काय ते कळलं. बारा वर्षं या हॉटेलच्या चादरी माझ्या नजरेखालून गेल्या. घरी वेळापत्रकाचा फज्जा, पोरगं हातात ठरत नाही, पोरगी आजीची झाली. हे एकच उरलं होतं, आणि तेही हिला?

तोंडातून निघून गेलं. म्हटलं, जी बाई स्टाफला गेस्टच्या पलंगावर झोपू देते, वर गेस्टला खोटं सांगून दुसरीकडे पाठवते, तिच्या हातात दोन विंग देणार तुम्ही?

सरांचा चेहरा उतरला. विचारलं, कोण झोपलं होतं? मी म्हटलं, नाव माझ्या कानावर आलेलं नाही. हे खोटं नाही. नाव कुणी घेतलंच नव्हतं.

सरांनी तिला बोलावलं. माझ्यासमोरच. ती म्हणाली, हो सर, गेस्टना दुसरी खोली दिली होती. पाणी गळत नव्हतं. सरांनी विचारलं, झोपलं कोण होतं? तिने एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याच्या दांडीकडे पाहत होते. दांडीवर धूळ होती.

ती म्हणाली, ते मला सांगता येणार नाही, सर.

सर म्हणाले, मग मलाही विंग देता येणार नाही. नाव सांगा, विषय संपला. ती म्हणाली, हो सर. मला म्हणते अगदी त्याच सुरात. आणि गेली.

२२ मार्च, शुक्रवार

ऑर्डर आली. दोन्ही विंग. माझं नाव. टाळ्या वाजल्या. ती पण वाजवत होती.

योग्य व्यक्तीला मिळालं. ज्याला नियम पाळता येत नाहीत त्याने वर जाऊ नये. यात वैयक्तिक काही नाही.

घरी सांगितलं. नवरा छान म्हणाला आणि झबल्यांच्या घड्या घालायला लागला. थोरलीने विचारलं, म्हणजे आता तू अजून उशिरा येणार? मी म्हटलं, अगं, दुप्पट मोठी झाली तुझी आई. ती म्हणाली, मला एवढीच पुरे आहे.

बाथरूममध्ये जाऊन रडले. हार्मोन्स. डॉक्टरांनी सांगितलंच होतं की असं होतं.

२३ मार्च, शनिवार

हेड म्हणून पहिला दिवस. धाकट्याचं नाक चोंदलंय, घरात कुणाचाच डोळ्याला डोळा लागलेला नाही.

गोगलगायीने नव्या विंगच्या किल्ल्या आणून दिल्या. एकेका किल्लीला मजल्याची चिठ्ठी बांधलेली. माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाली, दुसऱ्या मजल्यावरची शेवटची खोली रिकामी आहे, मॅडम. अर्धा तास पडा जरा. मी आहे बाहेर.

मला वाटलं, मारला टोमणा! नीट पाहिलं तिच्याकडे. टोमणा नव्हता. असता तर फार बरं झालं असतं. उत्तर माझ्याकडे तयार होतं. टोमणा नसला तर काय बोलायचं ते मला येत नाही. तिला म्हणे घरी दोन मुलं आहेत. एवढ्या वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं.

तिथल्या तिथे ठरवलं. सरळ सरांकडे जायचं आणि सांगायचं, मी झोपले होते, विंग तिची आहे. पक्कं ठरवलं. वाक्यही जुळवलं. केबिनकडे निघाले. पाय इतके जड की भिंतीला हात लावत चालले होते. म्हटलं, आधी पाच मिनिटं टेकावं, म्हणजे बोलताना आवाज कापणार नाही.

उठले तेव्हा दिवे लागले होते. ती बाहेर उभी होती. विचारलं, सर आहेत का? म्हणाली, घरी गेले मॅडम. काही महत्त्वाचं होतं का?

म्हटलं, नाही.