रेहाना खोली सोडते म्हणाली

मंगळवार, दिवेलागण

मालेगावहून आत्ताच आले. हातपाय धुतले, तरी ती भरलेली बॅग डोळ्यांपुढून हलत नाही.

नवऱ्याच्या मारामुळे आलेली रेहाना आमच्या आधारगृहातून बाहेर पडली, तेव्हा कमलाबाईंकडे खोली मीच बघून दिली होती. शिवणकाम मिळालं, तिची छोटी लेक सानिया शाळेत जायला लागली. पण खोली मिळाली म्हणजे सगळं मिळालं का? आज सकाळी तोच नवरा दारात येऊन वाट्टेल तशा शिव्या देऊन गेला. तिचा फोन आला म्हणून धावत गेले, तर बॅग भरून तयार.

"ताई, मले परत आधारगृहात न्या. माह्यापायी या म्हातारीले कायले तरास?"

मी पोलिसांत जाऊ म्हटलं, तेही हळूच. सानिया बॅगेचा पट्टा घट्ट धरून उभी होती.

तेवढ्यात कमलाबाई मळ्यातून आल्या. कोथिंबिरीच्या जुड्या खाली ठेवल्या आणि सरळ त्या बॅगेवरच बसल्या.

"काहून जातं वं? मी बी लय मार खाल्ला पोरी. तवा मले थांब म्हननारं कोनी नोतं."

रेहाना त्यांच्या मांडीत डोकं घालून रडली. मलाही आवरेना. मग सानियाला घेऊन आम्ही तिघी ठाण्यात तक्रार द्यायला गेलो. अंमलदारानं कमलाबाईंना विचारलं, "तुम्ही हिच्या कोण?"

त्या जराही अडखळल्या नाहीत. म्हणाल्या, "माय."