निवलेल्या सुपाची दोन मिनिटं

प्रिय यागोदा,

गेल्या महिन्यातल्या त्या रविवारी, दुपारी चार वाजून बावीस मिनिटांनी, मी माईकचं बटण दाबलं आणि माझं सगळं फिरलं. त्याच्या आदल्या मिनिटापर्यंत तू मागे वळून वळून माझ्याकडे बघत होतीस. नंतर एकदाच बघितलंस, आणि तसं कुणी कुणाकडे बघू नये. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं तू वूचला, तुझ्या फिल्मशाळेत निघून गेलीस. मी चार वेळा फोन केला. तू उचलला नाहीस, तेव्हा तो भिंतीवर आपटला. काच तडकली आहे, पण फोन चालतो. सांगून ठेवलेलं बरं, म्हणजे तू केलास तर लागणारच नाही असं तुला वाटायला नको.

आपल्या लोकांना तू माझ्याइतकीच ओळखतेस. टीव्हीवर परदेशी सिनेमा लागला की नवरा, बायको, पोर, खुनी, पोलीस, सगळ्यांचं बोलणं एकाच माणसानं आपल्या भाषेत, एकाच सपाट आवाजात वाचायचं. जन्मभर ह्यांनी सिनेमा असाच पाहिलाय. आपल्या गावच्या सिनेमा महोत्सवात हॉलच्या मागच्या खोलीत बसून वाचणारा तो माणूस मी. दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडून आल्यापासून माझ्या हातून नीट झालेलं हे एकच काम. बाबा म्हणतात, प्राध्यापकाशी भांडलेलं तोंड निदान कुठेतरी कामाला आलं.

त्या दिवशी अग्निशामक दलाचा बंब बाहेर काढून हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या आणि लोक दुपारपासून एकेक विज्ञानकथा पचवत बसले होते. ती हंगेरियन फिल्म आठवते? गाईला परग्रहावरून संदेश येतात ती. बसवर ड्रायव्हर होते ते विटोल्ड काका ओरडले, "गाईला परग्रहावरचं कळतंय, आणि आमच्या सरपंचाला गल्लीतलं गटार कळत नाही!" सरपंच पहिल्याच रांगेत होते. ते मान न वळवता म्हणाले, "गाय निवडणूक लढवत नाही, विटोल्ड. तिला वेळ असतो." हॉल गडगडला. गाईचं बोलणंसुद्धा मीच वाचलं होतं, आणि झकास वाचलं होतं, हे तूही कबूल करशील.

मग तुझी लागली. अकरा मिनिटं. माणसांच्या सावल्या एक दिवस आधी येतात असं गाव. बाई सकाळी भिंतीवर नवऱ्याची उद्याची सावली जेवायला बसलेली बघते आणि निश्चिंत होऊन कामाला लागते. एक दिवस सावली येत नाही. दुसऱ्या दिवशी ती तरीही ताट मांडते, निळ्या काठाच्या खोलगट बशीत कोंबडीचं सूप वाढते, आणि पुढची दोन मिनिटं फक्त ती बशी. वाफ येते, कमी होते, थांबते. मला वाचायला एक अक्षर नाही.

लोकांना वाटलं, वाचणारा झोपला! आधी कुणीतरी खाकरलं. मग स्टेफानिया काकूंनी तोंड सोडलं, "अरे ए झेमोव्हित, उठ की! बाई काय म्हणतेय ते सांग!" विटोल्ड काका म्हणाले, "माईक बिघडलाय. बिल भरलं नसेल." शिट्ट्या सुरू झाल्या. तुझे खांदे मला मागून दिसत होते, यागोदा. ते वर वर, कानांपर्यंत जायला लागले. माझं डोकं सटकलं. तुझ्या कामावर कुणी शिट्टी मारलेली मला सहन होत नाही, हा माझा गुन्हा. मी बटण दाबलं आणि मनचंच वाचायला लागलो. की तो येतोय. की मंगळावरून निघालेली बस नेहमीसारखी उशिरा आहे, ड्रायव्हर विटोल्ड नावाचा आहे. की बाई, सूप गरम कर, तो वळणावर पोचलाय. हॉल हसून लोळला, टाळ्या थांबेनात. आवडीच्या फिल्मसाठी तिकीट टाकायला ओळीनं बंबवाल्यांची हेल्मेटं ठेवली होती ना, त्यातलं तुझं भरून सांडलं. मी मागच्या खोलीत राजासारखा बसलो होतो. आणि तू उठून गेलीस.

मला वाटलं, आभार मानायची लाज वाटली असेल. इतका मी शहाणा.

त्या बशीचा टवका मला दुसऱ्या दिवशी आठवला. डाव्या बाजूला, अंगठ्याएवढा. दोन हिवाळ्यांपूर्वी तुमच्याकडे मी त्याच बशीत जेवायला बसणार होतो, तेव्हा तुझ्या आईनं न बोलता ती माझ्यासमोरून उचलून दुसरी ठेवली होती. तुझे बाबा ट्रक घेऊन गेले आणि परत आले नाहीत, त्याला तेव्हा सहा महिने झाले होते. तुझ्या आईची ती दोन मिनिटं होती. आणि मी त्यांच्यावर मंगळाची बस फिरवली. हॉलभर लोकांना सांगितलं, की तो वळणावर पोचलाय.

आता त्या दिवशी हॉलमध्ये आलेल्या टीव्हीवाल्यांची गोष्ट. विचित्र फिल्मा दाखवणारा त्यांचा कार्यक्रम आहे, त्यात त्यांना तुझी हवी आहे, पण माझ्या आवाजासकट. मला स्टुडिओत बोलावलंय. तुझ्या सरांनीही तुला हो म्हणायचा सल्ला दिलाय, असं कळलं. पहिल्याच फिल्मला टीव्ही मिळतोय, तेव्हा म्हणणारच. विनोदाशिवाय ही फिल्म प्रेक्षक बघणार नाहीत, असं टीव्हीवाल्यांनी लिहिलंय.

म्हणून परवाच्या रविवारी मी बंब पुन्हा बाहेर काढायला लावला. तीच माणसं बोलावली, तू महोत्सवाला दिलेलीच प्रत लावली. तुला विचारलं नाही, त्याबद्दल वेगळं रागाव. सुरुवातीला माईकवर एवढंच म्हणालो, "वाचणारा जिवंत आहे, बिल भरलेलं आहे, आणि तो गप्प बसणार आहे." हसले. मग बशी आली. मी हात मांडीखाली दाबून बसलो. अर्ध्या मिनिटानं विटोल्ड काका म्हणाले, "आता?" खुर्च्या करकरल्या, मग त्याही थांबल्या. वाफ संपली तेव्हा स्टेफानिया काकू, त्याच सगळ्यात मोठ्यानं ओरडणाऱ्या, हळूच म्हणाल्या, "निवलं गं." पडद्यावरच्या बाईला म्हणाल्या. टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. दिवे लागले तरी उठायला कुणाला सुचत नव्हतं.

सोबत एक्केचाळीस तिकिटं पाठवतोय. प्रत्येकाच्या पाठीवर मत लिहून घेतलंय. सगळी गोड नाहीत. सरपंचांनी "लांबलं" लिहिलंय. एका बाईंनी विचारलंय, सावलीला भूक लागते का. विटोल्ड काकांनी "येडपट" लिहून खोडलंय आणि खाली लिहिलंय, "घरी जाऊन बायकोशी बोललो." ही तिकिटं टीव्हीवाल्यांच्या टेबलावर ओत आणि म्हण, हे बघा प्रेक्षक. मी त्यांना नकार कळवलाय. माझा आवाज मिळणार नाही, आणि माझ्यासारखा दुसरा आवाज ह्या देशात नाही, तेव्हा घ्यायची तर त्यांना तुझीच फिल्म घ्यावी लागेल. घेतील. मला खात्री आहे.

आणि हे पत्र खरं तर कशासाठी, ते आता. माझं तुझ्यावर प्रेम आहे, हे तुला, तुझ्या आईला आणि सगळ्या अग्निशामक दलाला माहीत आहे. पण जिथे तू गप्प असतेस, तिथे मी बडबड भरतो. आजवर भरत आलो. आता नाही. ह्यानंतर माझा फोन येणार नाही, पत्र येणार नाही, मी वूचच्या गाडीत बसणार नाही. मनात नसेल म्हणून नव्हे. ही जागा तुझी आहे म्हणून. दोन मिनिटं लागोत की दोन वर्षं. तू बोललीस तर ऐकायला मी आहे, आणि नाही बोललीस तरी माईकला हात लावणार नाही. वायर गुंडाळून ठेवलीय, ज्या मागच्या खोलीत बसून हे लिहितोय, तिची किल्ली खाली बंबवाल्यांकडे देऊन टाकणार आहे. एवढी सही करतो, पाकीट चिकटवतो, आणि बाहेर पडून दार ओढून घेतो.

तुझाच,
झेमोव्हित